चौदावा फर्मा

एकोणीसशे एकाहत्तर साली निळ्या पुस्तकाचा सिनेमा आला, तेव्हा बाइंडिंगखान्यातल्या नऊ बायकांनी मिळून एका दुपारची रजा मागितली. त्या कारखान्यात रजा मागायची म्हणजे घरात कुणी आजारी तरी हवं, नाहीतर गेलेलं तरी. मालक चष्म्यावरून पाहत राहिला. मग म्हणाला, जा, पुस्तक आपल्याच हातचं आहे, सिनेमावाल्यांनी काय दिवे लावलेत ते बघून या. आठ जणी हरखल्या. नववी, जिला सगळ्या मास्तरीण म्हणत, ती म्हणाली की माझं डोकं दुखतंय, मी थांबते. तिचं कुणी ऐकलं नाही. हिला सोडून हा सिनेमा बघायचा म्हणजे नवरीला घरी ठेवून लग्न लावायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मास्तरणीचं डोकं दुखत नव्हतं. तिला तो सिनेमा बघायचाच नव्हता, आणि त्याचं कारण आठ वर्षांपूर्वीचं होतं.

त्रेसष्ट साली ती तिथे नवी होती. लांबट खोली, उत्तरेला चार खिडक्या, मधोमध दोन लांब टेबलं, कोपऱ्यात शेगडीवर खळीचं पातेलं, आणि पलीकडच्या भिंतीशी कागद कापायचं मोठं यंत्र. यंत्रावरच्या माणसाला सगळ्या कटरमामा म्हणत. छापखान्यातून मोठाले छापील ताव यायचे. एका तावावर सोळा पानं, अर्धी सुलटी, अर्धी उलटी. नीट तीन घड्या घातल्या की ती आपोआप ओळीला लागायची. असा घडी घातलेला ताव म्हणजे फर्मा. निळ्या कव्हराचं म्हणून जे सगळ्यांसाठी निळं पुस्तक, त्याचे असे चौदा फर्मे होते. घड्या घालायचं काम बायकांचं. हातात हाडाची गुळगुळीत पट्टी. घडी घालायची, पट्टी फिरवायची, पुन्हा घडी, पुन्हा पट्टी, की ताव बाजूला. मास्तरणीखेरीज कुणालाच अक्षरओळख नव्हती. आकडे मात्र येत, कारण प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी त्याचा नंबर बारीक छापलेला असतो, आणि पाचाच्या जागी सहा लागला तर पुस्तक वाया जातं.

हजारो पुस्तकं त्यांच्या हातांखालून गेली आणि त्यांतलं एकही त्यांना ठाऊक नव्हतं. खिडकीजवळ बसणारी एक जाडजूड बाई म्हणायची, आपण सगळ्या आचारणी, स्वयंपाक आपल्या हातचा आणि उपाशीही आपणच. तिला सगळ्या तोफ म्हणत. जिभेला हाड नसतं म्हणतात. तोफेचं हाड तिच्या हातातल्या पट्टीत होतं आणि जीभ मोकळी होती.

मास्तरीण सातवीपर्यंत शिकलेली. वर्गात पहिली यायची. बाप गेला, शाळा सुटली, घरातली धाकटी भावंडं मोठी करता करता एकोणिसाव्या वर्षी ती टेबलाशी आली. निळ्या पुस्तकाचा पहिला फर्मा हातात आला तेव्हा घडी घालायची सोडून ती वाचतच बसली आणि मालकाची बोलणी खाल्ली. तिच्या समोर बसणारी आक्का म्हणाली, वाचतेसच तर मोठ्यानं वाच, आमच्या कानांनाही काहीतरी काम. आक्का सगळ्यांत थोरली, तिचा शब्द खाली पडत नसे. तेव्हापासून रिवाजच पडला. दुपारचे डबे झाले की अर्धा तास मास्तरणीने वाचायचं आणि तिच्या गठ्ठ्यातले ताव बाकीच्यांनी वाटून घ्यायचे. फाटतील, मळतील म्हणून छापखाना थोडे ताव जास्तीचे पाठवतो. त्यातल्या एकाच्या कडा कटरमामा वाचण्यापुरत्या कापून द्यायचा. मालक आधी कुरकुरला. मग त्याला दिसलं की गोष्ट चालू असली की हात दुप्पट चालतात, आणि त्याने खुर्ची थोडी आत सरकवून घेतली, आपल्यालाही ऐकू यावं म्हणून.

आठवड्याला एक फर्मा यायचा, कधी दोन. बायका त्याची वाट पत्रासारखी बघायच्या. गोष्ट साधीच होती. एका आईच्या दोन मुली. धाकटी आईशी भांडून घर सोडायला निघते. तिसऱ्या फर्म्यात आई तिला म्हणते, गेलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. मुलगी जाते. पुढचे दहा फर्मे मुलगी परक्या शहरात आणि आई दाराशी.

तिसरा फर्मा वाचला त्या दिवशी आक्काच्या हातातली पट्टी थांबली. तिची स्वतःची मुलगी चारच महिन्यांपूर्वी घर सोडून गेली होती. सतरा वर्षांची. रागाच्या भरात आक्का तिला जे बोलली होती ते पुस्तकातल्या आईच्या बोलण्याहून एका शब्दाने वेगळं नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. आक्काने पट्टी पुन्हा उचलली. पण त्या दिवसापासून ती ऐकायची ते गोष्ट म्हणून नव्हे. परगावाहून आलेल्या माणसाकडून आपल्या माणसाची खबर ऐकावी, तशी कानांत प्राण आणून ती ऐकायची.

मग चौदावा फर्मा आला. मास्तरणीने तो आधी वाचला नव्हता. ती कुठलाच आधी वाचत नसे; सगळ्यांबरोबर तीही ऐकायची, तिच्याच तोंडून. शेवटून चौथ्या पानावर धाकटी इस्पितळात होती. पान उलटल्यावर मास्तरणीची नजर ओठांच्या पुढे धावली. तिथे लिहिलं होतं की मुलगी त्याच खाटेवर जाते, घाईत तिचं नाव रजिस्टरात भलतंच लिहिलं जातं, आणि त्यामुळे घरी काहीच कळत नाही. शेवटच्या ओळीत आई नेहमीसारखी दाराची कडी काढून ठेवते.

मास्तरणीने मान वर केली. आक्काची पट्टी कागदावर टेकलेली होती. हलत नव्हती.

मास्तरीण खोकली. मग डोळे कागदावरच ठेवून तिने सांगायला सुरुवात केली. धाकटी बरी झाली. तिसऱ्या वर्षी एका दुपारी गाडी वळणावर थांबली, ती उतरली. आई दाराशी बसली होती. मुलीला वाटलं, आता विचारेल, कुठे होतीस इतकी वर्षं. आईने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, आधी जेवून घे. एवढं सांगून मास्तरणीने फर्मा मिटला आणि संपलं म्हणाली.

कुणी नाक ओढलं, कुणी उगाच खळ ढवळायला उठली. आक्का तोंड धुऊन आली आणि त्या दिवशी रोजच्यापेक्षा शंभर ताव जास्त घडवून गेली. तो कापलेला फर्मा मास्तरणीने संध्याकाळी शेगडीत घातला. वाईट केलं असं तिला वाटलंच नाही. उलट घरी जाताना तिला हलकं वाटत होतं.

पुढे ‘आधी जेवून घे’ हे कारखान्याचं वाक्यच झालं. कुणी नवऱ्याशी भांडून आली, कटरमामा मालकाकडून झापून घेऊन आला, की कुणीतरी म्हणायचं, आधी जेवून घे, आणि मग त्याला कुणी काही विचारायचं नाही. दुसरी पुस्तकं आली, वाचली, विसरली. निळं पुस्तक राहिलं.

आणि आक्काही राहिली, आपल्या तळमजल्यावरच्या खोलीत. खोलीला ओल होती. भिंतीचे पापुद्रे पडायचे आणि आक्काची छाती भरायची. तिचा मुलगा गाड्यांच्या डेपोत कारकून झाला, त्याला दोन खोल्यांचं, उन्हाचं घर मिळालं. तो दरवर्षी यायचा, आई चल म्हणायचा. पालथ्या घड्यावर पाणी. पत्ता बदलला तर ती येईल कुठे, आक्का म्हणायची. पुस्तकातली तिसऱ्या वर्षी आली. माझी जास्त हट्टी आहे, तिला जरा जास्त लागतील. जिथे कुठे मुलगी असण्याची शंका येई तिथे ती मास्तरणीकडून पत्र लिहून घ्यायची. प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच वाक्य असे. मास्तरीण ते लिहायची आणि तिचा हात दरवेळी थोडा जड व्हायचा. पहिल्या वर्षी सांगायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी सांगणं अवघड झालं. तिसरं वर्ष उलटलं, तेव्हा सांगायला तोंडच उरलं नाही.

तर अशा त्या नऊ जणी एकाहत्तर साली दुपारच्या खेळाला जाऊन बसल्या. मास्तरणीची सगळी भिस्त एकाच गोष्टीवर होती. सिनेमावाले पुस्तकातलं काही जसंच्या तसं ठेवत नाहीत म्हणतात. मेलेल्याला जिवंत करतात, दुरावलेल्यांना भेटवतात. याही मुलीला जगवतील. त्या अंधारात सगळं थिएटर आपल्या आवडत्या पुस्तकाला धक्का लागू नये म्हणून जीव मुठीत धरून बसलं असेल. तो लागावा अशी विनवणी करणारी ती एकटीच होती.

सुरुवात तिच्या मनासारखी झाली. घर भलंमोठं, जिन्याचं. तोफ सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, एवढ्या मोठ्या घरातून कोण कशाला पळेल, नुसत्या दुसऱ्या खोलीत जाऊन रुसायचं. आईच्या ओठांना रंग होता. थोरली बहीण तर नव्हतीच. तिला काय खाल्लं का यांनी, असं कुणीतरी विचारलं. पुस्तकात नसलेला एक तरुण मध्येच गायला लागला. बायका चुळबुळल्या, पण सिनेमा म्हटला की गाणी आलीच, असं म्हणून त्यांनी पोटात घातलं. त्यांना हवं होतं ते एकच, शेवटचं ते वाक्य. आक्का खुर्चीच्या कडेवर बसली होती.

मग इस्पितळ आलं. आणि सगळ्या बाबतीत पुस्तकाशी बेइमानी केलेल्या त्या माणसांनी नेमकी तिथे इमानदारी केली. खाट, रजिस्टर, चुकलेलं नाव, दाराची कडी. दिवे लागले.

लोक उठून जाऊ लागले. नऊ जणी बसूनच होत्या.

“शेवटचं रीळ लावायचं राहिलं,” तोफ म्हणाली.

सगळ्यांना ते लगेच पटलं. त्यांच्या धंद्यात हे होतंच. शंभरातल्या एखाद्या प्रतीत शेवटचा फर्मा शिवायचा राहून जातो, गिऱ्हाईक ती परत आणतं, आणि मालक ती मुकाट्याने बदलून देतो. तोफ दोघींना घेऊन मॅनेजरच्या खोलीत गेली आणि तिने त्याला समजुतीने सांगितलं की चूक कुणाच्याही हातून होते, रीळ कुठे राहिलं असेल तर शोधून लावा, आम्ही थांबतो. मॅनेजरने सांगितलं की बाई, सिनेमा एवढाच आहे. मुलगी परत येते ना, तोफ म्हणाली. मॅनेजर म्हणाला, मेलेली कशी येईल. त्यावर तोफेच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या, त्या रस्त्याच्या टोकापर्यंत उतरल्या नाहीत. एवढं पुस्तक बिघडवून ठेवलं मेल्यांनी. गाणी घालायला जागा आहे, एका वाक्याला जागा नाही.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आक्काने मास्तरणीचा हात धरला आणि म्हणाली, “खोटं दाखवलं. त्यांना काय, चार लोक रडले की झालं. लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिलंय.”

मास्तरणीने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही.

त्याच आठवड्यात आक्काचा मुलगा मास्तरणीला भेटायला कारखान्याच्या दाराशी आला. आक्का राहायची ती इमारत पाडायची ठरली होती. बाकीची बिऱ्हाडं गेली होती, एकटी आक्का उरली होती, आणि चार महिन्यांनी नळ तोडणार होते. डॉक्टर म्हणत होते की आणखी एक थंडी त्या ओलीत काढली तर छाती टिकायची नाही. आई तुझं ऐकते, तो म्हणाला, तू सांग. मास्तरणीने रविवारी जायचं कबूल केलं. गेली. आक्काची भांडी घासली, वाळलेले कपडे घड्या करून ठेवले, भिंतीवरून पडलेला चुना झाडून काढला आणि न सांगताच परत आली.

तोवर दुसरंच एक झालं. सिनेमामुळे पुस्तकाला मागणी आली आणि छापखान्याने दुसरी आवृत्ती काढली. पुन्हा निळ्या पुस्तकाचे ताव बाइंडिंगखान्यात येऊन पडू लागले. बायकांना सोन्याहून पिवळं झालं. तोफेने बेत आखला की चौदावा फर्मा आला की एक जास्तीचा ताव घ्यायचा, मास्तरणीने त्या वाक्याखाली रेघ मारायची, आणि तो नेऊन त्या मॅनेजरच्या नाकासमोर धरायचा. कटरमामाने कडा कापून द्यायचं कबूल केलं. मालकही हसला, पण नको म्हणाला नाही. त्याने पुस्तक आयुष्यात उघडलं नव्हतं. जे ऐकलं ते खुर्चीवरून.

आक्काने मुलाला निरोप पाठवला, चौदावा फर्मा येऊ दे, मग माझं काय ते सांगते.

फर्मे येत राहिले. दहावा, अकरावा, बारावा. मास्तरीण रोज ठरवायची की आज आक्काला एकटीला गाठून सांगायचं, आणि रोज घोडं पेंड खायचं. अजून दोन आठवडे आहेत असं ती धरून चालली होती. पण मागणी निकडीची, म्हणून छापखान्याने तेरावा आणि चौदावा एकदमच पाठवला. बुधवारी जेवणाच्या सुट्टीआधी गठ्ठे उतरले. मास्तरीण हात धुऊन आली तेव्हा आक्का आपल्या जागेवर नव्हती. ती मास्तरणीच्या जागेशी उभी होती आणि तिने टेबलावर एक फर्मा ठेवला होता, कडा कापलेला. तळाशी चौदा.

“वाच,” आक्का म्हणाली.

सगळ्या जमल्या. कटरमामाने यंत्र थांबवलं. मास्तरीण बसली. कागद तोच होता, अक्षरं तीच होती. तिला ठाऊक होतं की आपण आजही डोळे कागदावर ठेवून हवं ते सांगू शकतो. आक्काला अक्षर कळत नाही. गाडी वळणावर थांबली, एवढंच म्हणायचं, पुढचं तर आता सगळ्यांनाच पाठ आहे. तोफ फर्मा घेऊन जाईल, मॅनेजर तिला येडी ठरवेल, तोफ त्याला चार शिव्या देईल, आणि गोष्ट तिथे मिटेल. आक्का खोलीत राहील. नळ तोडतील, तरी राहील.

तिने वाचायला घेतलं आणि जे होतं ते वाचलं. इस्पितळाची खाट वाचली. रजिस्टर वाचलं. भलतंच नाव वाचलं. तिचा आवाज कुठे कापला नाही, नुसता बारीक होत गेला. कडी काढून ठेवल्याची ओळ वाचून झाली तरी कुणाला कळलं नाही की संपलं.

तोफेलाच आधी सुचलं. “म्हणजे पुस्तकसुद्धा बदललं यांनी,” ती म्हणाली. “सिनेमासारखं करून घेतलं. पैसेवाल्यांपुढे लिहिणाऱ्याचं काय चालतंय.”

सगळ्यांच्या जिवात जीव आला. असंच असणार. दुसरी आवृत्ती ना ही, पहिली वेगळी होती. एक म्हणाली, जुनी प्रत कुणाकडे तरी असेल. दुसरी म्हणाली, लिहिणाऱ्याला जाऊन विचारू. मास्तरणीला काही करायचंच नव्हतं. नुसतं मूग गिळून बसायचं होतं. लोकांनी आपण होऊन तिच्यासाठी दार उघडलं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “पहिल्यांदाही असंच होतं. ते मी माझ्या मनचं सांगितलं होतं.”

शेगडीवरची खळ तेवढी बुडबुडत होती. तोफेने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या आयुष्यात ते पहिल्यांदाच झालं असावं. आक्का टेबलावर हात टेकून खाली बसली.

“आणि ते वाक्य?” तिने विचारलं.

“तेही माझंच.”

“का सांगितलंस तसं?”

“मला तुझं तोंड बघवेना, आक्का.”

आक्का बराच वेळ त्या फर्म्याकडे पाहत राहिली, जणू टक लावून पाहिलं तर वाचता येईल. मग तिने तो उलटा करून ठेवला.

“तेव्हा वाचलं असतंस तर तेव्हा रडले असते,” ती म्हणाली. “रडून उठले असते. आठ वर्षं मी दाराकडे तोंड करून निजतेय.”

मास्तरीण म्हणाली की पुस्तकातली मेली म्हणून तुझी मुलगी काही...

“ते मला कळतं,” आक्का म्हणाली. “तेवढं कळायला वाचता यावं लागत नाही. पण आली म्हणून तू सांगितलंस तेव्हा ते का नाही सांगितलंस, की पुस्तकातली आली म्हणून माझी येईलच असं नाही?”

आक्का उठून आपल्या जागी गेली, पट्टी घेतली आणि चौदाव्या फर्म्याचा आपल्या वाटणीचा गठ्ठा घडवायला लागली. एकेक करून सगळ्या बसल्या. त्या दुपारी मास्तरणीचे ताव कुणी वाटून घेतले नाहीत. तसं कुणी ठरवलं नव्हतं. ती वाचत नव्हती, एवढंच.

पुढच्या रविवारी आक्का मुलाकडे राहायला गेली. जाण्याआधी तिने नवा पत्ता लिहिलेल्या वीस चिठ्ठ्या करून घेतल्या आणि वाण्याकडे, शिंप्याकडे, पोस्टमनकडे, गल्लीतल्या दवाखान्यात अशा वाटल्या. माझी मुलगी आली तर द्या म्हणाली. मास्तरणीने त्यातली एक वाण्याच्या फळीवर खिळ्याला टोचलेली पाहिली. अक्षर कटरमामाच्या शाळेत जाणाऱ्या मुलीचं होतं. आठ वर्षं आक्काचं अक्षर म्हणजे मास्तरणीचं अक्षर होतं. शिव्या दिल्या असत्या तरी तिला इतकं लागलं नसतं.

निळ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती बांधून गेली. पुढे सत्त्याहत्तर साली मालकाने घड्या घालायचं यंत्र आणलं आणि नऊपैकी सहा जणींना काढलं. काढताना त्याला वाईट वाटलं आणि त्याने प्रत्येकीला तिच्या हातची एक प्रत दिली, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही. थोड्या वर्षांनी त्याचा धंदाच बसला. कटरमामाची दोन बोटं यंत्राने नेली. तो नंतर एका शाळेत घंटा वाजवायला होता. त्याची चिठ्ठ्या लिहिणारी मुलगी नर्स झाली. तोफ लेकीकडे राहायला गेली आणि तिथल्या बायकांना तिने निळ्या पुस्तकाची गोष्ट सांगितली ती मास्तरणीचीच. तिला खरं माहीत होतं. पण तिने ते कधी मानलं नाही. लिहिणाऱ्याला काय कळतं, ती म्हणायची, आम्ही ते घडवलंय.

आक्काची छाती मुलाच्या घरी, उन्हात, सुधारली. मास्तरीण वर्षातून दोन-तीनदा तिला भेटायला जायची. आक्का तिच्याशी बोलायची, भावंडांची चौकशी करायची, चहा द्यायची, निघताना पोचवायला दारापर्यंत यायची. कशात काही कमी नसे. एकदा नात आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवत होती आणि एका जोडाक्षरावर अडली. मास्तरणीच्या तोंडून तो शब्द सवयीने निघून गेला. आक्का नातीला म्हणाली, तू वाच गं, तुला येईल. आक्का एकोणऐंशी साली गेली.

मुलगी आली नाही. तिचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. इमारतीच्या जागी गोदाम झालं. वाण्याकडची चिठ्ठी त्याने दुकान विकलं तेव्हापर्यंत होती.

यंत्र आलं त्या वर्षी मास्तरणीला छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम मिळालं. हातच्या लिखाणाशी छापील ओळ ताडून पाहायची, काना-मात्रेचा फरक दिसला तर खूण करायची, आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही. हे काम तिने सव्वीस वर्षं केलं आणि छापखान्यात तिच्याइतकी काटेकोर बाई झाली नाही असं लोक म्हणत. तिचं लग्न झालं नाही. धाकट्या भावाच्या घरी ती राहिली. भाचरं गोष्ट वाचून दाखव म्हणून मागे लागायची, तेव्हा ती पुस्तक त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, तुम्ही वाचा, मी ऐकते.